एकास पस्तीस

साठी उलटलेल्या माणसाने काय करावे याविषयी आपल्या समाजाची मते अगदी पक्की आहेत. त्याने पहाटे टेकडीवर फिरायला जावे, संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून सरकारला नावे ठेवावीत, रक्तदाबाची गोळी न विसरता घ्यावी आणि नातवंडांना गोष्टी सांगाव्यात. त्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, कपाळाला भिंग बांधून रणगाडा जोडत बसावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मी मात्र निवृत्त झाल्यापासून हेच करतो आहे. त्यावरून आमच्या सोसायटीत दोन तट पडले आहेत. एका तटाला मी निरुपद्रवी वाटतो. दुसऱ्याला वाटते की छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यावर माणसाचे असेच व्हायचे.

रणगाडा अर्थात प्लास्टिकचा. जपानात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने पहिला खोका आणला तो, "काका, तुमचा वेळ जाईल" असे म्हणून. खोका उघडला तर आत रणगाडा नव्हताच! पातळ दांड्यांच्या चौकटी होत्या आणि त्या दांड्यांना, घडाला द्राक्षे लगडावीत तसे, शेकडो तुकडे लगडलेले होते. प्रत्येकाला नंबर. सोबत चित्रांची एक पुस्तिका. चित्रात दाखवलेला नंबर शोधायचा, तो तुकडा कटरने सोडवायचा, दांडीची उरलेली गाठ पॉलिशपेपरने घासायची आणि जिथल्या तिथे बसवायचा. वाचायला सोपे आहे. पण तांदळाच्या कणीएवढी एखादी कडी चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेली, की सत्तरीकडे झुकलेला माणूस ज्या आसनात जातो, ते आसन पतंजलींना ठाऊक नसावे.

तसे पाहिले तर ही हौस आपल्याला परकी नाही. दिवाळीत अंगणात, आणि अंगण गेल्यावर जिन्याखाली किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात, मराठी पोरे किल्ला बांधतातच. दगड-विटा रचायच्या, वर पोते टाकायचे, त्यावर चिखल थापायचा, अळीव-मोहरी पेरायची. पण आपल्या किल्ल्याला प्रमाण नसते, भक्ती असते. महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात, मावळा तोफेला मांडीवर घेऊ शकेल एवढा असतो, आणि गुहेतला वाघ बाहेर आला तर त्याला बालेकिल्ला पुरायचा नाही. त्यात काही चुकते असे कोणाला वाटत नाही. जे मोठे ते मोठेच दिसले पाहिजे, हा बालगोपाळांचा न्याय आहे. रणगाड्याच्या खोक्यावर मात्र एक आकडा छापलेला असतो, १/३५, आणि त्या आकड्यापुढे महाराजांचीही सूट चालत नाही.

किल्ल्यावरून आठवले. आपण किल्ल्यावर नारळाची करवंटी पुरून पाणी भरतो आणि त्याला टाके म्हणतो. इंग्रजीतल्या ‘टँक’ या शब्दाचे मूळ शोधताना तिकडचे कोशकार गुजराती-मराठीतल्या या टाक्यापर्यंत येऊन पोहोचतात. पोर्तुगीज भाषेचाही हात त्याला लागला असावा असे म्हणतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे लोखंडी धूड गुपचूप तयार केले, तेव्हा कोणाला संशय येऊ नये म्हणून ‘ही पाण्याची टाकी आहे’ अशी हूल उठवली आणि ते नाव कायमचे चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ती टाकी प्रथम रणात उतरली. आपण पुढे तिला ‘रणगाडा’ म्हटले, आणि मला तो शब्द मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. त्यात गाडा आहे; ओझे आहे, चाकोरी आहे, तो ओढणारे कोणी आहे.

या एकास पस्तीसची हकिकतही गमतीची आहे. जपानात शिझुओका नावाचे शहर आहे. तिथे १९४६ साली तामिया नावाची लाकडाची वखार निघाली. तिचे पुढे लाकडी प्रतिकृतींचे दुकान झाले आणि मग प्लास्टिकचा कारखाना. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि सेल मावले पाहिजेत, या हिशेबाने तिचे आकारमान धरले. नंतर मोजून पाहिले तेव्हा ते सुमारे एकास पस्तीस भरले. तेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. गणितात आम्ही मुलांना सांगतो की प्रमाण आधी आणि वस्तू मागून. व्यवहारात पुष्कळदा वस्तू आधी येते, आणि तिच्या सोयीने ठरलेले प्रमाण पुढच्या पिढ्या शास्त्र म्हणून पाळतात.

मी सध्या जो रणगाडा पुरा केला तो सेंच्युरियन. ब्रिटिशांनी तो दुसऱ्या महायुद्धासाठी आखला, पण त्याचे पहिले नमुने युरोपात पोहोचले ते मे १९४५ मध्ये, लढाई संपल्यावर. त्या युद्धाला तो उशिरा पोहोचला. नंतरच्या युद्धांना मात्र वेळेवर हजर राहिला. १९६५ आणि १९७१ साली आपल्या सैन्यात तो होता. वजन सुमारे ५१ टन, आत माणसे चार. ब्रिटिशांनी त्यात पाणी उकळण्याचे विजेवरचे भांडेही बसवले होते; लढाई थांबेल, पण चहा थांबता कामा नये, हे त्या लोकांचे तत्त्व!

आता हे धूड पस्तिसाने भागा. सुमारे तीन मीटर एकोणचाळीस सेंटिमीटरची रुंदी पावणेदहा सेंटिमीटरवर येते. समोरची ७६ मिलिमीटर जाडीची पोलादी पाठ दोन मिलिमीटरांच्या जरा वर. साडेपाच फुटी जवान पावणेपाच सेंटिमीटरचा, म्हणजे माझ्या करंगळीहून थोडा कमीच. पण वजनाला नुसते पस्तिसाने भागून भागत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आखडतात, म्हणून पस्तिसाचा घन घ्यावा लागतो: ४२,८७५. ५१ टनांना त्याने भागले की उरतात जेमतेम बाराशे ग्रॅम. माझे प्लास्टिकचे खेळणे तर त्याहून पुष्कळ हलके. हे गणित मी मुद्दाम सांगतो आहे. आकार लहान होतो त्याच्या कितीतरी पट वेगाने भार लहान होतो. म्हणून तर युद्ध हातात घेऊन खेळता येते.

जोडणीत मला सर्वांत आवडतो तो त्याचा डिंक. त्याला डिंक म्हणणेही चूक. तो पाण्यासारखा पातळ असतो. दोन तुकडे एकमेकांना टेकवायचे आणि फटीवर कुंचल्याचे टोक लावायचे, की तो आपण होऊन फटीत धावतो. तो चिकटवत नाही. दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होऊन सुकतात. अर्धवट विरघळलेली दोन माणसे एकमेकांना टेकली तर ती सुटत नाहीत, असे लग्नाच्या बाबतीतही म्हणता येईल. पण हे वाक्य आमच्या घरी वाचले जाणार आहे, म्हणून पुढे जातो.

सेंच्युरियनला एका बाजूला चाकांच्या सहा जोड्या, म्हणजे दोन्हीकडची मिळून चोवीस चाके. प्रत्येक चाक घासायचे, त्याची रबरी कड वेगळ्या रंगाने रंगवायची. चोवीसही झाली की वरून एक पोलादी झडप बसते आणि ती सारी अर्ध्यावर झाकली जातात. बायकोने विचारले, "अहो, दिसत नाहीत तर रंगवता कशाला?" मी म्हटले, "देवळाच्या शिखरावर मागच्या बाजूलाही नक्षी असते." ती म्हणाली, "तिथे देव आहे." मला उत्तर सुचले नाही. पण चाके मी रंगवली.

खरी मौज रंगात आहे. आधी अस्तर द्यायचे, मग हिरवा हात. हा हिरवा डब्यातला जसाच्या तसा देऊन चालत नाही. खरा रणगाडा आपण पन्नास पावलांवरून पाहतो. मधल्या हवेने त्याचा रंग फिकटतो. प्रतिकृती आपण हातभर अंतरावरून पाहतो. मधे हवाच नसते. म्हणून डब्यातल्या हिरव्यात थोडा पांढरा मिसळून ती हवा आपण रंगात घालायची. एवढे झाले की गाडा नवा कोरा, करकरीत दिसतो. आणि मग तो मळवायचा! काळपट पातळ रंग सांधीकोपऱ्यांत सोडायचा, म्हणजे खिळे आणि कड्या उठून दिसतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवरून फिकट रंग घासायचा, म्हणजे बुटांनी झिजलेले लोखंड दिसते. स्पंजाच्या तुकड्याने रंगाचे टवके काढायचे. शेवटी धूळ. ही धूळ बाटलीत भरून विकत मिळते, हे आमच्या घरी कळले तेव्हा मोठा प्रसंग ओढवला. जिने आयुष्यभर घरातली धूळ झटकली, तिला हे समजावणे कठीण होते की घरातल्या धुळीचा कण या कामाला पस्तीस पट मोठा पडतो.

विकतची धूळ मग मी आणली नाही. तिनेच तोड काढली. "मुलतानी माती घ्या," ती म्हणाली, "पिठासारखी मऊ असते." मला आनंद झाला तो नुसता मऊपणाचा नव्हे. हा गाडा लढला पंजाबच्या सपाटीवर, रावीच्या खोऱ्यात. तिथली माती आपल्यासारखी काळी चिकट नाही, फिकट गाळाची आहे. आणि मुलतान तर पाकिस्तानातल्या पंजाबातच. चेहऱ्याला लावायची ती माती मी रणगाड्याच्या चाकांना लावली. किंचित गेरू मिसळला, दिवाळीच्या सामानातला.

आमच्या खालच्या मजल्यावर नाना राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ कणा, बोलणे बेताचे. सैन्यात ई.एम.ई. मध्ये होते, एवढेच सोसायटीला माहीत होते. एका दुपारी ते पाण्याच्या टँकरच्या वर्गणीची वही घेऊन वर आले. टेबलावर गाडा होता. मी वहीत सही करेपर्यंत ते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"सेंच्युरियन," ते म्हणाले. त्यांनी विचारले नाही, सांगितले.

मी खुर्ची पुढे केली. ते बसले आणि करंगळीच्या टोकाने दाखवू लागले. "मास्तर, ड्रायव्हर हितं, पुढं, उजवीकडं. वर बुरुजात उजव्या अंगाला गनर. त्याच्या मागं कमांडर. डावीकडं लोडर. त्याला बसायला वेळच नसायचा." गाड्याचा वरचा फिरता भाग, ज्याला इंग्रजीत टरेट म्हणतात, त्याला त्यांनी सहज बुरूज म्हटले. मग त्यांनी विचारले, "आत कोण हाय?"

मी म्हटले, "खोक्यात कमांडरची बाहुली दिली आहे. कमरेपर्यंतच. झाकणातून वर आलेली."

"आणि बाकीचे तिघं?"

"ते दिसत नाहीत, नाना. म्हणून देत नाहीत."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकाहत्तरला आमचं काम बंद पडलेलं गाडं वडून मागं आणायचं. पट्टा, इंजिन, गन, सगळं रिपेर व्हायचं. म्हातारं जनावर, पण दमदार. फक्त हात घालायच्या आधी गाडं आतनं धुवावं लागायचं." एवढे बोलून त्यांनी वही उचलली, सहीवर फुंकर मारली आणि खाली गेले.

त्या दिवशी मी पुढे काम केले नाही.

गणपतीत पुतण्या रजेवर आला होता. त्याने गाडा हातात घेऊन कौतुक केले आणि म्हणाला, "काका, आता याचा देखावा करा. मार बसलेला, जळणारा रणगाडा. कापसाचा धूर करायचा, आत लाल दिवा. फार छान दिसतो." दिसतोही. या हौसेतले निष्णात लोक ते अप्रतिम करतात. जळलेल्या पोलादाचा नारिंगी गंज, त्यावर पांढरट राख, रबर वितळून उघडी पडलेली चाके. ते रंग कसे साधायचे हे मला ठाऊक आहे. तरी मी नको म्हटले. कारण विचारल्यावर मला त्याला नीट सांगता आले नाही. इथे सांगून पाहतो.

१६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढच्या आघाडीवर, बसंतर नदीपलीकडे जरपाळजवळ, पूना हॉर्सचे सेंच्युरियन आणि पाकिस्तानचे पॅटन समोरासमोर आले. पूना हॉर्स ही १८१७ साली पेशवाईच्या अखेरीला उभी राहिलेली पलटण. नावापुरते का होईना, तिच्यात आमचे पुणे आहे. तिच्यातला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यातच जन्मलेला, वय २१. पलटणीत येऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. त्याच्या गाड्याचे नाव होते फामागुस्ता. गाड्याला आग लागली, मागे येण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो लढत राहिला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हे आपल्याला पाठ आहे. पण त्या गाड्यात आणखी तिघे होते: प्रयाग सिंग, नाथू सिंग आणि नंद सिंग. नंद सिंग त्याच गाड्यात कामी आला. ही नावे मला नानांनी प्रश्न विचारेपर्यंत माहीत नव्हती. नंतर मी ती शोधून काढली. एका गाड्यात चार माणसे असतात, आणि आपल्या स्मरणात, खोक्यातल्या बाहुलीप्रमाणे, झाकणातून वर आलेले एकच दिसते.

या गोष्टीला पुढे एक अध्याय आहे. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरात ज्यांच्या घरी त्यांचा पाहुणचार झाला ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानाने पाहुण्याला सांगितले की त्या दिवशी समोरच्या गाड्यात मी होतो. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ऐंशीच्या घरातल्या त्या बापाने यावर काय करावे, हे कोणत्या पुस्तिकेत छापलेले असणार? दोघेही सैनिक होते. जळणाऱ्या गाड्याचा देखावा कितीही हुबेहूब केला तरी त्यात या रात्रीला जागा नाही. धूर आणि आग एकास पस्तीसने छान लहान होतात. ही रात्र होत नाही.

तेव्हा माझा सेंच्युरियन लढत नाही. तो उभा आहे. नानांना विचारून विचारून मी त्याच्या पाठीवर सामान बांधले. बिछान्याच्या वळकट्या टिश्यूपेपरला पातळ फेव्हिकॉल लावून केल्या. ओला असताना त्याला ताडपत्रीच्या अगदी खऱ्या वळ्या पडतात. मागे एक बादली टांगली. "बादली पायजेच," नाना म्हणाले, "आन् चहाची किटली बाहेरच ठेवा. आत ठेवली तर कुणाला मिळत नसती." पट्ट्यांतला चिखल त्यांनी स्वतः पाहून पसंत केला. "थोडा आणखी," म्हणाले, "आतल्या बाजूला साचतो."

ज्यांना लढाई आवडते त्यांना हे फिके वाटेल. माझे म्हणणे इतकेच, की यंत्र एवढ्या बारकाईने पाहण्याचा उपयोग काही असेल तर तो यंत्रापलीकडचे दिसण्याचा. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात खरे सेंच्युरियन, चर्चिल, पॅटन ओळीने मांडले आहेत. १९९४ पासून ते लोकांना पाहता येतात. शाळेच्या सहली येतात, मुले तोफेखाली उभी राहून फोटो काढतात. तिथे उभे राहिले की गाडा डोळ्यांत मावत नाही, नुसती छाती दडपते. तो टेबलावर आणून चिमट्याने जोडला, की झाकणाचा घेर किती अरुंद आहे आणि आतून बाहेर पडायला माणसाला कसे वळावे लागत असेल, हे बोटांना कळते. मोठी वस्तू कधी कधी लहान करून पाहिल्याशिवाय मोठी दिसत नाही.

एक काम मात्र मी कोणाला न सांगता केले. पुतण्याकडून बसलेल्या जवानांची वेगळी बाहुली मागवली. उरलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून आत बैठका केल्या. ड्रायव्हर पुढे उजवीकडे, गनर बुरुजात, लोडर डावीकडे, हातात गोळा घेतलेला. तिघांचे चेहरे रंगवले, डोळे काढले, एकाला मिशा दिल्या. मग ड्रायव्हरचे झाकण लावून टाकले आणि वरून बुरूज बसवला. आता ते दिसत नाहीत. घरी आलेले लोक गाडा पाहतात, "वा!" म्हणतात, किटलीचे कौतुक करतात.

बुरूज चिकटवलेला नाही, नुसता खाचेत बसवला आहे. परवा नाना आले. त्यांनी चष्मा पुसला, गाडा सर्व बाजूंनी फिरवून पाहिला आणि मग, कोणी न सांगता, दोन बोटांनी बुरूज अलगद उचलला. आत बघत ते बराच वेळ बसले. मनातल्या मनात मोजत असावेत. मग त्यांनी तो पुन्हा होता तसा ठेवला आणि मला म्हणाले, "बरोबर हाय, मास्तर."